ड्रॉइंगला मराठीत काय म्हणावे: रेखाटन, रेखांकन, आरेखन?

टिळकवाडीकर: एका कलाशिक्षकांच्या प्रदर्शनाचे पत्रक मराठी-कानडी दोन्हींत निघते आहे. मथळा 'सरांच्या चित्रनिर्मितीत ड्रॉइंगचे स्थान'. कानडीत 'रेखाचित्र' घातलेय. मराठीत तेच ठेवू का?

निपाणीकर: अर्थ आखडेल. रेखाचित्र म्हणजे पुरे झालेले, चौकटीत लावण्याजोगे चित्र. इथे क्रिया हवी, म्हणून रेखाटन. रेखांकन नको, महाराष्ट्रातल्या बिनशेतीच्या कागदांत 'मंजूर रेखांकन' म्हणजे प्लॉट पाडलेला नकाशा. आरेखन मोजपट्टीचे, आरेखकाचे काम. वर कागद ठेवून गिरवतो तो अनुरेखक.

खानापूरकर: रेखाटन बरोबर, पण शिक्षकाकडे ते एकच काम नसते. बेळगावच्या शनिवार खुट चौकात उभ्या माणसांचे जलद रेखाटन ३० सेकंद ते २ मिनिटांचे. ४बी किंवा ६बी ही मऊ, गडद पेन्सिल, रबर नाही. आधी भार कुठल्या पायावर आहे ते, मग खांदे आणि कमरेचा कल, चेहरा शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात केली की पाय कागदाबाहेर जातात.

फळ्यावरचे वेगळे. वस्तुचित्रात पेन्सिल समोर धरून घागरीचे माप घेताना हात ताठ, एक डोळा मिटलेला. कोपर वाकले की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि मापच बदलते. घागर नजरेखाली असेल तर तोंडाचे लंबवर्तुळ चपटे आणि तळाची कड त्याहून गोलसर. मुले तळ सरळ रेषेने कापतात, कारण टेबल सपाट आहे हे त्यांना ठाऊक असते. दिसते ते काढत नाहीत.

जलरंगाखालच्या रेषांना मी 'कच्चे रेखन' म्हणेन. एचबी, हात हलका. रंग वाळल्यावर त्याखालची गडद रेष पुसत नाही, आणि आधीच रबर फार घासले तर कागद खरवडून तिथे रंग जास्त शोषला जातो, डाग पडतो.

निपाणीकर: कच्चे रेखन आवडले. तरी एक अर्थ सुटतोच. तैलरंगातल्या व्यक्तिचित्रात रेष कुठे दिसत नाही, पण जाणकार म्हणतात, 'ड्रॉइंग चुकलंय'. चेहरा वळलेला असताना पलीकडचा डोळा अलीकडच्याएवढाच रुंद काढला की हेच ऐकावे लागते. बेननस्मिथ शाळेत शिकवलेले, चित्रमंदिर ही कलासंस्था चालवलेले चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे विद्यार्थी रवी परांजपे यांच्या बेळगावात 'ड्रॉइंग पक्कं' ही दाद रेषेपुरती कशी राहील? तिथे 'रेखाटन पक्कं' म्हटले तर कुणाला कळणार नाही.

टिळकवाडीकर: मग मथळ्यात?

खानापूरकर: मथळ्यात ड्रॉइंगच ठेवा. आत वह्यांविषयी लिहाल तिथे रेखाटन, चौकटीतल्या चित्रांखाली रेखाचित्र. कानडी मजकूर करणाऱ्यांनाही हा फरक आत्ताच सांगा; छपाईला गेल्यावर दोन बाजूंचे मथळे जुळणार नाहीत.