नको असलेली सर्व्हिस: डिसेबल पुरे, की मास्कच करावी?

शेलकर: लिनक्स सर्व्हरवर नको असलेली सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम) दिसली की बहुतेक जण 'सिस्टमसीटीएल डिसेबल' ही सिस्टमडीची, म्हणजे सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची, कमांड देऊन मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे: सरसकट मास्क करा. डिसेबल केल्यावर बूटच्या वेळी सर्व्हिस उठवणारी सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) तेवढी जाते. चालू असलेली प्रोसेस तशीच राहते, ती थांबवायला 'नाऊ' हा पर्याय जोडावा लागतो. शिवाय दुसऱ्या युनिटने (सिस्टमडी सांभाळतं ती सर्व्हिस, सॉकेट वगैरे प्रत्येक गोष्ट म्हणजे युनिट) मागितली की सर्व्हिस पुन्हा उठतेच. मास्क केलेलं युनिट थेट डेव्ह-नलकडे, म्हणजे कायम रिकाम्या फाइलकडे, वळवलं जातं, मग हाताने स्टार्ट दिलं तरी ते हलत नाही.

बूटक्रम: 'सरसकट' याला माझा ठाम विरोध. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं उदाहरण घ्या. नुसती डॉकरची सर्व्हिस डिसेबल करून थांबवली तरी डॉकरचं सॉकेट (विनंती आली की सर्व्हिस उठवणारं युनिट) ऐकत असतं. कुणी 'डॉकर पीएस' दिलं की डेमन, म्हणजे तीच सर्व्हिस, पुन्हा हजर. म्हणून लोक चिडून सॉकेट मास्क करतात. पण डॉकरच्या सर्व्हिसमध्ये त्या सॉकेटची नोंद 'रिक्वायर्स'खाली, म्हणजे 'याच्याशिवाय चालणार नाही' अशी, असते. उद्या डॉकर पुन्हा लागला तर सर्व्हिस सुरूच होणार नाही, आणि नवा माणूस डॉकरची कॉन्फिग फाइल तपासत बसेल. सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही एकाच कमांडमध्ये 'नाऊ'सह डिसेबल करा, काम झालं. कुणाला हात लावण्याआधी 'लिस्ट-डिपेन्डन्सीज' रिव्हर्स लावून बघा, कोण कोणावर टेकलंय ते कळतं.

शेलकर: डॉकरपुरतं मान्य. पण डेबियन-उबुंटूवर पॅकेज टाकताक्षणी सर्व्हिस सुरू होते, डिसेबल करेपर्यंत पोर्ट उघडा पडलेला असतो. तिथे पॅकेज टाकण्याआधीच मास्क करता येतं. युनिट अजून नाही अशी सूचना येते, पण लिंक बनते.

लॉगवाचक: त्यासाठी 'पॉलिसी-आरसी डॉट डी' आहे. एक छोटी स्क्रिप्ट, 'सुरू करू नका' असं सांगणारा एक्झिट कोड १०१, इन्स्टॉलच्या वेळी काहीच सुरू होत नाही. कॉन्फिग नीट झाली की स्क्रिप्ट काढायची. ती विसरलात तर अपडेटनंतरचे रिस्टार्टही होणार नाहीत आणि जुनीच बायनरी चालत राहील, एवढं सांभाळा.

बूटक्रम: आणखी एक: स्वतः लिहिलेलं युनिट 'ईटीसी'मधल्या सिस्टमडीच्या फोल्डरमध्ये असेल तर मास्क होतच नाही, फाइल आधीच असल्याची एरर येते.

शेलकर: ते युनिट आपलंच, नको असेल तर फाइल हलवा आणि सिस्टमडीला युनिट पुन्हा वाचायला लावणारं 'डेमन-रिलोड' द्या. माझा रोख पॅकेजबरोबर आलेल्या सर्व्हिसवर आहे, आणि तिथे मी मास्कच करणार.