मँचेस्टरच्या जुन्या-नव्या इमारती : बाबांसोबत दोन दिवसांत काय पाहावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन मँचेस्टरला जातेय. त्यांची सगळी नोकरी गिरणगावात, स्पिनिंग खात्यात गेली, त्यामुळे त्यांचा पहिला हट्ट रॉयल एक्स्चेंजचा. कापसाचे नि सुताचे सौदे तिथल्या भव्य दालनात होत. १९६८ मध्ये ते थांबले आणि १९७६ पासून तिथे नाट्यगृह आहे. शेवटच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक मात्र अजून वर आहे. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्या मुंबईहून आलेल्या कापसावर चालल्या, हे बाबा अभिमानाने सांगतात. नाटकाचं तिकीट न काढता आत जाता येतं का? फलक खालून नीट दिसतो का?

मला जॉन रायलँड्स लायब्ररी पाहायचीच आहे. कापडउद्योगातल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ एन्रिकेटा रायलँड्स यांनी उभारलेली, १९०० मध्ये खुली झालेली ही गॉथिक वास्तू फोटोंतही थक्क करते. वाचनदालन वरच्या मजल्यावर आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात. लिफ्टने थेट तिथे पोहोचता येतं का?

अँकोट्स भागातल्या मरेज मिल्स या जुन्या सूतगिरण्यांमध्ये आता लोक राहतात, तर आवारात जाऊ देतात का? वास्तुविशारद वॉटरहाउसने बांधलेला १८७७ चा टाउन हॉल दुरुस्तीसाठी २०१८ पासून बंद होता, त्याची सध्याची स्थिती कुणी अलीकडे पाहिली आहे का? बीटम टॉवर आणि डीन्सगेट स्क्वेअरचे उंच मनोरे बाहेरून पाहिले तरी पुरे. हे सगळं कमी चालून कोणत्या क्रमाने करावं?