जीमॅटला वेळ पुरत नाही, काय करावं? (सल्ला हवा)

अंबड_पहिली_पाळी:
नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, पहिली पाळी असते, त्यामुळे अभ्यास संध्याकाळीच. एमबीएसाठी बाहेर जायचा विचार आहे, जीमॅट या प्रवेश परीक्षेची तारीख घेतली आहे, केंद्र मुंबईचं. गणित कच्चं नाही. घरी निवांत बसले तर बहुतेक प्रश्न सुटतात, पण घड्याळ लावलं की शेवटचे चार-पाच उरतातच. इथल्या एमबीएच्या सीईटीच्या वेळी कॉलेज रोडच्या क्लासमध्ये 'अडलं की सोडा, पुढचा घ्या' हेच घोकून घेतलं होतं, आणि इथे तर पुढे जाताच येत नाही! ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी वेळ कसा सांभाळला? जीआरई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेला वेळ जास्त मिळतो असं ऐकलं, ते खरं का?

गोदाकाठ:
ताई, अडचण सीईटीच्या सवयीतच आहे. तिथे १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून सोपे वेचून घेणं बरोबर. जीमॅट तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न निवडते, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येणारच नाही. अडलेल्या प्रश्नाला पटेल तो पर्याय भरायचा आणि निघायचं. शेवटी प्रश्न कोरे राहिले तर त्याचा दंड स्कोरमध्ये बसतो, म्हणून तुमचे ते चार-पाच प्रश्न फार महाग पडत आहेत.

आता हिशेब. क्वांटला (गणिताच्या सेक्शनला) ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे दर १५ मिनिटांना ७. सातवा झाला की घड्याळात ३० मिनिटं शिल्लक हवीत, चौदावा झाला की १५. एवढ्या दोनच ठिकाणी घड्याळ बघा. प्रत्येक प्रश्नाला बघत बसलात तर डोकं गणितात राहणार नाही. व्हर्बलला (इंग्रजी आकलनाच्या सेक्शनला) तेवढ्याच वेळात २३ प्रश्न असतात, तिथे आठवा झाला की ३० मिनिटांच्या आसपास. उताऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला वेळ जास्त जातो, त्याने घाबरू नका, त्याच उताऱ्याचे पुढचे प्रश्न तो वेळ परत देतात. डेटा इनसाइट्सला (तक्ते, आलेख वाचायच्या सेक्शनला) २० प्रश्न आहेत, पण तिथे सरासरी फसवते. डेटा सफिशियन्सीचा (दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच ठरवायचा) प्रश्न दीड मिनिटात होऊ शकतो, तीन टॅबांतली माहिती जुळवायचा प्रश्न चार मिनिटंही खातो. कॅल्क्युलेटर फक्त याच सेक्शनला मिळतो, आणि प्रत्येक आकडा त्यात टाकायच्या मोहात वेळ जातो. अंदाजाने भागत असेल तिथे अंदाजच लावा.

फिरस्ती:
मी जीआरई दिली आहे, तेवढ्यापुरतं सांगते. वेळ जास्त मिळत नाही. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची झाली. क्वांटचा पहिला सेक्शन १२ प्रश्नांना २१ मिनिटं, दुसरा १५ प्रश्नांना २६. म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटं, जीमॅटपेक्षा कमीच. व्हर्बलला तर दीड. मध्ये ठरलेली सुट्टीही नाही.

फरक दुसरीकडे आहे. जीआरईत प्रश्नागणिक काठिण्य बदलत नाही, पहिला सेक्शन कसा गेला त्यावरून दुसरा कसा येणार ते ठरतं. सेक्शनच्या आत तुम्ही मार्क करून पुढे जाऊ शकता, मागे येऊ शकता. तुमची क्लासमधली सवय इथे चालते: पहिल्या फेरीत हातचे सोडवा, दुसऱ्या फेरीत अडलेले. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा कोरा एकही ठेवू नका. परीक्षा बदलायची का, हे मात्र कॉलेजांच्या यादीवरून ठरवा. आणि त्याआधी पॉवरप्रेपच्या (जीआरईच्या अधिकृत सरावाच्या) दोन फुकट टेस्ट आहेत, त्यातली एक देऊन बघा.

अंबड_पहिली_पाळी:
दोघांचे आभार. पण गोदाकाठदादा, सुरुवातीच्याच प्रश्नांत तुक्का मारला तर पुढे सगळे सोपे प्रश्न येऊन स्कोर अडकणार नाही का? पहिल्या आठ-दहा प्रश्नांना वाटेल तेवढा वेळ द्या, असं सगळे सांगतात.

गोदाकाठ:
हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एक उत्तर चुकलं की पुढचा प्रश्न जरा सोपा येतो, तो बरोबर आला की गाडी परत वर येते. सुरुवातीला कमावलेलं शेवटी प्रश्न कोरे ठेवून घालवलं तर उरलं काय? ही परीक्षा तुम्हाला तुमच्या कुवतीच्या काठावर नेऊन ठेवते, त्यामुळे चांगला स्कोर येणाऱ्यांचीही उत्तरं चुकतात. आलेला प्रश्न सोपा वाटला म्हणून 'मागचा चुकला बहुतेक' असा विचार करत बसू नका, आपल्याला सोपं वाटणं हे काही काठिण्याचं माप नाही.

सोडायचा कधी? वाचून अर्ध्या-पाऊण मिनिटात वाट दिसली नाही, तर दोन पर्याय कापा, उरलेल्यातला एक भरा, निघा. वाट दिसली पण अडीच मिनिटं होऊनही उत्तर दृष्टिपथात नाही, तरी निघा. हे परीक्षेच्या दिवशी अचानक जमत नाही, मॉकमध्ये (सराव परीक्षेत) मुद्दाम करावं लागतं. जुने मॉक काढा, तीन मिनिटांच्या वर गेलेले प्रश्न वेगळे लिहा आणि त्यातले किती बरोबर आले ते बघा. ती यादी पाहिल्यावर सोडताना हात अडखळणार नाही.

सेक्शनच्या शेवटी तीन उत्तरं बदलता येतात, पण त्याच ४५ मिनिटांत वेळ उरला तर. बुकमार्क फक्त जिथे रीत बरोबर आहे आणि आकडेमोडीची शंका आहे तिथेच करा. रीतच सुचली नव्हती असा प्रश्न शेवटच्या दोन मिनिटांत सुटत नाही.

सिडकोकर:
एक व्यवहारातली गोष्ट. मुंबईचं केंद्र आहे तर आदल्या दिवशी जाऊन राहा. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून किंवा कसारा घाटातून गाडीने थेट परीक्षेला जाऊ नका, सव्वादोन तासांचं लक्ष तिथेच संपतं. पहिल्या पाळीनंतर थकून दिलेला मॉकही खरा समजू नका. सुट्टीच्या दिवशी, परीक्षेची जी वेळ मिळाली आहे त्याच वेळेला, घराबाहेर एखाद्या अभ्यासिकेत बसून द्या. अधिकृत संकेतस्थळावरचे दोन फुकट आहेत, ते आधीच उडवू नका. सेक्शनचा क्रम आपल्या हातात असतो, दहा मिनिटांची एक सुट्टीही मिळते, ती जरूर घ्या. डेटा इनसाइट्स शेवटी ठेवलं की थकलेल्या डोक्याने तक्ते वाचावे लागतात, मी तरी ते मध्येच ठेवा म्हणेन.

अंबड_पहिली_पाळी:
खूप खूप धन्यवाद! रविवारी मॉक देते आणि तीन मिनिटांवरच्या प्रश्नांची यादी इथे टाकते.

गोदाकाठ:
प्रश्न टाकू नका, अधिकृत प्रश्न असे पसरवायला परवानगी नसते. फक्त टॉपिक आणि लागलेला वेळ लिहा. कुठले प्रकार बघताक्षणी सोडायचे ते त्यावरून ठरवू.