प्रौढांच्या वर्गात आधी संगणक शिकवावा की एआय?

ग्रंथालय_सेवक यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी वर्षभरापासून प्रौढांसाठी संगणक-ओळखीचे वर्ग घेत आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण मध्येच सुटलेले आहे, काही जण मजुरीवरून थेट वर्गाला येतात, काही स्त्रियांना घरातला एकच सामाईक फोन वेळ मिळेल तसा वापरावा लागतो, आणि ग्रंथालयाकडे चालू स्थितीतले केवळ सहा संगणक आहेत. पहिल्या तुकडीला आम्ही सहा आठवड्यांत टंकलेखन, फाइल साठवणे, ईमेल आणि ऑनलाइन अर्ज भरणे एवढे शिकवले व शेवटी प्रमाणपत्रेही दिली. तीन महिन्यांनी मात्र त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण तोच अर्ज भरून घेण्यासाठी माझ्या टेबलापुढे रांगेत उभे होते.

आता दुसरी तुकडी सुरू व्हायची आहे आणि कार्यकारिणीचा आग्रह आहे की, या वेळी अभ्यासक्रमात एआय असलेच पाहिजे. माझ्या सहकाऱ्याच्या मते ज्यांना पासवर्ड लक्षात ठेवता येत नाही त्यांना चॅटबॉट शिकवणे म्हणजे पायाआधी कळस चढवण्यासारखे आहे. मला तेही पूर्ण पटत नाही, कारण बोलून काम होणार असेल तर टंकलेखनात महिना का घालवावा, असाही विचार मनात येतो. क्रम कोणता ठेवावा, आणि पहिल्या तुकडीचे जे झाले ते पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलावे, याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत हवे आहे.

रात्रवर्ग यांचे उत्तर

आपल्या रांगेचे वर्णन वाचून आमच्या पहिल्या दोन वर्षांची आठवण झाली. आमच्याकडेही नेमके हेच झाले होते, आणि कारण शोधायला गेल्यावर जे सापडले ते अभ्यासक्रमात नव्हते, तर शिकवणाऱ्यांच्या हातांत होते. शिकणारा एखाद्या बटणापाशी अडखळला की स्वयंसेवक मदतीच्या भावनेने माउस स्वतःकडे घेत असे, चार क्लिक करीत असे आणि 'झाले बघा' म्हणून पुढच्याकडे वळत असे. काम झाले, पण शिकणाऱ्याने त्यातून जे उचलले ते इतकेच की, हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे असते. त्यानंतर आम्ही एकच नियम केला : शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून उभे राहावे आणि फक्त तोंडाने सांगावे. पहिल्या आठवड्यात वर्ग अक्षरशः रखडला, दोन स्वयंसेवक कंटाळून सोडून गेले, परंतु करून मागणाऱ्यांची रांग त्यानंतरच कमी होऊ लागली.

दुसरी गोष्ट पासवर्डची. आपल्या सहकाऱ्यांनी तो मुद्दा चेष्टेने मांडला असेल, पण माझ्या मते तो अभ्यासक्रमाचा पहिला धडा आहे. आमच्याकडे परत येणाऱ्यांपैकी बरेच जण अर्ज भरायला विसरलेले नव्हते, ते आपल्याच खात्याबाहेर अडकलेले होते. कोणाचा फोन नंबर बदललेला असे आणि ओटीपी जुन्या नंबरावर जात असे, कोणाचे खाते दुकानदाराने त्याच्याच ईमेलवर उघडून दिलेले असे. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी खाते कोणाच्या नावावर आहे, ते परत मिळवायचे कसे, आणि सामाईक फोनवर काम झाल्यावर बाहेर कसे पडायचे, एवढेच शिकवतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यालाही आम्ही हरकत घेत नाही. सुरक्षेच्या पुस्तकी नियमांना ते रुचणार नाही, पण घरातल्या कुलपात ठेवलेली वही ही दुकानदाराच्या लक्षात राहिलेल्या पासवर्डपेक्षा कधीही बरी.

तिसरे म्हणजे, धडे विषयवार लावू नयेत. प्रत्येकाने आपले अडलेले एक काम घेऊन यावे आणि तेच काम त्याने तीनदा करावे : त्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, आणि महिन्याभराने वेगळ्या यंत्रावर. तिसरी वेळ सर्वांत महत्त्वाची, कारण ग्रंथालयातल्या संगणकावर जमलेले काम फोनच्या लहान पडद्यावर अनोळखी वाटते. केरळमध्ये २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यातून सुरू झालेल्या 'अक्षय' प्रकल्पाने प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणक-साक्षर करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. घरात एक जाणता असला की बाकीच्यांचे अडत नाही हा त्यामागचा विचार मला आवडतो, मात्र तो एक जण घरातला नवा 'करून देणारा' होऊ नये हेही पाहावे लागते.

क्रमाविषयी म्हणाल तर, बोलून लिहिण्याची सोय पहिल्या दिवसापासून द्यावी. ज्याची बोटे कळफलकावर थरथरतात त्याला आवाजाने रस्ता मिळत असेल तर तो अडवण्याचे कारण नाही. चॅटबॉटविषयी माझा अनुभव तोकडा आहे, ते इतरांनी सांगावे.

शब्दयंत्र यांचे उत्तर

भाषेशी संबंधित सॉफ्टवेअर हा माझा व्यवसाय आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी एका वस्तीतील युवक गटाला शिकवतो, म्हणून चॅटबॉटपुरते लिहितो.

चॅटबॉटच्या मुळाशी असलेले भाषा-प्रारूप, म्हणजे पुष्कळ मजकुरावर घडवलेली संगणक-प्रणाली, आधीच्या मजकुरावरून पुढचा तुकडा (त्याला टोकन म्हणतात) कोणता येण्याची शक्यता आहे याचा अंदाज बांधत जाते. त्यामुळे त्याचे वाक्य सफाईदार असते, पण सफाई आणि सत्य यांचा त्यात आपोआप मेळ बसत नाही. ज्यांना वाचनाचा सराव आहे त्यांनाही याचा चकवा बसतो. मग ज्यांच्या आयुष्यात शुद्ध, ठाशीव भाषा ही नेहमी कचेरीच्या पत्रातून, म्हणजे अधिकाराच्या बाजूनेच आली आहे, त्यांनी असे उत्तर निमूटपणे खरे मानले तर नवल नाही. एआय-कौशल्यातील खरी दरी मला इथे दिसते. प्रश्न कसा विचारावा हे लोक दोन बैठकांत शिकतात, पण मिळालेल्या उत्तरावर शंका घेण्याची हिंमत त्यांना सहजासहजी होत नाही.

यावर आम्हाला उपयोगी पडलेला एक सराव असा आहे. पहिला प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या धंद्यातला विचारायचा. गवंड्याने भिंतीच्या ओलाव्याविषयी, शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी अस्तराच्या कापडाविषयी, माळ्याने कलम करण्याविषयी. उत्तरात कुठे ना कुठे चूक, अर्धवटपणा किंवा पुस्तकी गुळगुळीतपणा निघतोच, आणि तो पकडणारा माणूस खोलीतला सर्वांत कमी शिकलेला असतो. आमच्याकडे एका गवंड्याने उत्तर ऐकून 'याने कधी थापी हातात धरलेली नाही' असे म्हटले, तेव्हा जे काम माझी तासाभराची व्याख्याने करू शकली नव्हती ते झाले. त्यानंतर औषध, कायदा किंवा पैसा यांविषयीचे उत्तर आले की तेच लोक आपणहून विचारू लागतात की, हे कुठून पडताळायचे.

भाषेचाही अडसर आहे आणि तो शिकणाऱ्याचा दोष नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. वेबवरून गोळा होणाऱ्या आणि प्रारूपांच्या प्रशिक्षणात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या कॉमन क्रॉल या संग्रहात ४० टक्क्यांहून अधिक मजकूर एकट्या इंग्रजीचा आहे. शिवाय संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट (साठवणुकीचे एकक) लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना-मात्रा ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. मजकुराचे टोकन पाडणारे साधन मुख्यतः इंग्रजीवर घडलेले असेल तर तेच वाक्य आपल्या भाषेत कितीतरी अधिक तुकड्यांत मोडते, आणि मोफत वापराची मर्यादा टोकनांवर मोजली जात असेल तर ती लवकर संपते. आवाज ओळखण्यात बोलीभाषांची परवड याहून मोठी आहे. एखाद्या आजींचे बोलणे यंत्राला कळले नाही तर त्या आपलेच उच्चार सुधारू पाहतात, ते पाहून वाईट वाटते.

यंत्र सर्वांना सारखे ओळखत नाही याला, भाषेबाहेरचा का होईना, आधारही आहे. जॉय बुओलाम्विनी आणि तिमनित गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या, तेव्हा उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. प्रशिक्षणाच्या सामग्रीत जे कमी दिसतात त्यांच्याबाबत यंत्र अधिक चुकते, एवढे या उदाहरणाने कोणालाही समजते.

ओळखपत्राचा फोटो चॅटबॉटला द्यायचा नाही आणि सामाईक फोनवरील संवादाचा इतिहास पुसायचा, हे दोन नियम पहिल्या बैठकीतच सांगावेत. इंटरनेट मधूनच जात असेल तर किविक्स या इंटरनेटशिवाय वाचण्याच्या मोफत साधनावर विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, आणि कोलिब्री नावाचा शैक्षणिक साहित्याचा मंचही इंटरनेटशिवाय चालतो. पडताळणीच्या सरावाला ते पुरेसे आहे.

दुसरी_बाजू यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, तरी 'कौशल्याची दरी' या शब्दालाच माझी थोडी हरकत आहे, कारण त्यातून असे सूचित होते की उणीव शिकणाऱ्यात आहे. अर्ज भरताना पान मध्येच संपत असेल, फोटोचा आकार इतकाच हवा अशी अट असेल आणि चूक कुठे झाली हे न सांगता केवळ लाल अक्षरांत 'अवैध' असे येत असेल, तर पदवीधर माणूसही तिथे अडतो. फरक इतकाच की तो संकेतस्थळाला नावे ठेवतो आणि आपल्या वर्गातला माणूस स्वतःला.

समाजशास्त्रज्ञ यान व्हॅन डाइक यांनी डिजिटल दरीची मांडणी प्रेरणा, साधने, कौशल्ये आणि वापर अशा चार पायऱ्यांत केली. धोरणे बहुधा दुसऱ्या पायरीवर पैसा ओततात, आणि आकडे मात्र वेगळेच सांगतात. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२३ च्या स्थितीवरील अहवालानुसार मोबाइल इंटरनेटचे जाळेच पोहोचलेले नाही असे लोक जगात सुमारे ४ टक्के होते, तर जाळे पोहोचूनही ते न वापरणारे सुमारे ३९ टक्के. पेरूमध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेची ३०० हून अधिक ग्रामीण शाळांत पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि गणित व भाषेतील गुणांवर लॅपटॉपचा परिणाम आढळला नाही. यंत्रे पोहोचली होती. शिक्षकांना मिळालेले पाठबळ मात्र अपुरे होते आणि बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते.

म्हणून कार्यकारिणीचा आग्रह मान्य करताना एक गोष्ट सांभाळावी. ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांना माणूस भेटेल आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांची बोळवण चॅटबॉटवर होईल, अशी व्यवस्था आपल्या हातून उभी राहू नये. फिनलंडमध्ये २०१८ साली हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअॅक्टर या कंपनीने एआयची ओळख करून देणारा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला, उद्दिष्ट देशातील १ टक्का लोकांना शिकवण्याचे होते, आणि तो उत्तम आहे. पण ज्याला संध्याकाळी बसून सलग वाचायला उसंत आणि सवय आहे त्याच्याच तो कामाचा. आपल्या वर्गात नेमके तेच दोन्ही नाही.

जाता जाता, एक नोंदवही ठेवावी आणि कोण कोणत्या पानावर अडले हे तीत लिहावे. तीच वही अर्ज घेणाऱ्या संबंधित विभागाकडे नेता येते.

ग्रंथालय_सेवक

सर्वांचे मनापासून आभार. हात पाठीमागे बांधण्याचा नियम वाचून मी काही काळ स्वतःच्या हातांकडे पाहत होतो, कारण पहिल्या तुकडीत सर्वाधिक वेळा माउस मीच ओढून घेतला होता.

आता तुकडी बारा जणांचीच घेण्याचे आणि मुदत दहा आठवडे करण्याचे ठरवले आहे. खाते आणि पासवर्ड पहिल्या दिवशी, आवाजाने लिहिणे त्याच आठवड्यात, आणि चॅटबॉट तिसऱ्या आठवड्यात, तोही आपापल्या धंद्यातल्या प्रश्नापासून. सहकाऱ्यालाही हा क्रम मान्य झाला आहे. आता अडचण एकच उरली आहे : कार्यकारिणीला अहवालात आकडा हवा असतो आणि प्रमाणपत्रे हा सोपा आकडा होता. त्याऐवजी काय द्यावे?

रात्रवर्ग

वर्ग संपल्यानंतर ९० दिवसांनी, स्वतः आणलेले काम दुसऱ्याच्या मदतीशिवाय आणि वेगळ्या यंत्रावर किती जणांनी करून दाखवले, हा आकडा द्यावा. तो प्रमाणपत्रांच्या संख्येपेक्षा लहान येईल, त्याची कल्पना कार्यकारिणीला आधीच द्यावी. आमच्या पहिल्या अहवालात तो चौदापैकी पाच होता आणि त्यावर बरीच नाराजी झाली, पण पुढच्या वर्षी अभ्यासक्रमात काय बदलायचे हे त्या उरलेल्या नऊ जणांना विचारूनच ठरले. नोंदवहीत 'कोण अडले' याशेजारी 'सोडवायला कोणी मदत केली' असाही एक रकाना आखावा. सुरुवातीला त्यात सगळीकडे आपलेच नाव असेल. तिथे वर्गातल्यांची नावे येऊ लागली की तेही अहवालात लिहावे.