विकलेल्या लॅपटॉपचे सर्किट डायग्राम दुरुस्ती करणाऱ्याला मिळायला हवेत का?

चिपळूणचा कारागीर (धागाकर्ता)
२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर माझ्या दुकानात चिखलाने भरलेले लॅपटॉप पोत्यांतून आले. त्यांतला एक बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन मीटर लावला, तेव्हा १९ व्होल्ट पोहोचत होते, ५ व्होल्टही मिळत होते, पण ३.३ व्होल्टची लाइन मेलेली होती. ती लाइन तयार करणाऱ्या मसुराएवढ्या आयसीवर (चिपवर) दोन-तीन अक्षरांचा संकेत तेवढा छापलेला होता आणि त्यावरून आयसीचा नंबर कळेना. सेवा केंद्राने पूर्ण मदरबोर्ड बदलायला सांगितले. गिऱ्हाइकाला ते परवडणारे नव्हते. १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत सगळी सर्किट आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, संपूर्ण यादी छापली होती. आज तशा फायली आम्हांला चोरवाटेने विकत घ्याव्या लागतात. माझ्या मते विकलेल्या बोर्डाचे डायग्राम मागणे हा दुरुस्ती करणाऱ्याचा हक्क आहे.

रत्नागिरीहून, हार्डवेअर डिझाइनमध्ये काम करणारा
तुमची अडचण खरी आहे, पण मागणी मला पटत नाही. बोर्डावरच्या अनेक चिप दुसऱ्या कंपन्यांच्या असतात आणि त्यांची माहिती गोपनीयतेच्या करारावर मिळते. लॅपटॉप बनवणाऱ्याने ती परस्पर जाहीर कशी करावी? शिवाय आयबीएमचेच पुढे काय झाले ते पाहा. १९८२ च्या अखेरीस कॉम्पॅक या कंपनीने त्याच धर्तीचे यंत्र जाहीर केले आणि काही वर्षांत तो बाजार आयबीएमच्या हातून निसटला. आणि सगळेच दडवलेले नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या हजारो पानांच्या पुस्तिका कोणालाही फुकट मिळतात.

चिपळूणचा कारागीर
त्या पुस्तिका प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आहेत. कोणत्या कॉइलवर किती व्होल्ट हवेत, हे त्यांत सापडणार नाही. त्यांतही १९९३ च्या पेंटियम प्रोसेसरच्या वेळी पुस्तिकेच्या ‘अपेंडिक्स एच’ या परिशिष्टातला मजकूर करारावर सही करणाऱ्यांनाच मिळत असे. कॉम्पॅकचे म्हणाल, तर छापलेला बायोस त्यांना उचलता आला नाही. कॉपीराइटमुळे, ती यादी न वाचलेल्या माणसांकडून तो नव्याने लिहून घ्यावा लागला. मी तर प्रोग्राम मागतच नाही. चिपच्या पोटातले त्यांचे त्यांनी ठेवावे. लाइनींची नावे, आयसींचे नंबर आणि व्होल्टेज कोणत्या क्रमाने सुरू होतात, एवढे पुरे आहे.

मालवणहून, इलेक्ट्रॉनिक्सची शिक्षिका
मला एवढेही अपुरे वाटते. एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड, बॅटरी आणि चालू-बंद सांभाळणारी चिप, जळाला तर नवी कोरी चिप बसवून बोर्ड सुरू होत नाही, कारण तिच्यात भरायचा प्रोग्राम (फर्मवेअर) कोणी देत नाही. ब्रॉडकॉम या चिप कंपनीने २०१४ मध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ग्राफिक्स भागाची माहिती खुली केली, तोवर तीही गोपनीयच होती; म्हणून करार बदलत नाहीत, हे मी मान्य करणार नाही.

रत्नागिरीहून, हार्डवेअर डिझाइनमध्ये काम करणारा
व्होल्टेजचा क्रम द्यायला करार आड येणार नाहीत, हे मला मान्य आहे. मात्र एकाच मॉडेलच्या बोर्डाच्या अनेक आवृत्त्या निघतात. एका आवृत्तीचा डायग्राम दुसरीला लावून भलत्या ठिकाणी पुरवठा दिला, तर जिवंत प्रोसेसरही जाईल आणि दोष कंपनीवर येईल.

चिपळूणचा कारागीर
आवृत्तीचा क्रमांक बोर्डावरच छापलेला असतो. मीटर हातात घेण्याआधी आम्ही तोच वाचतो.