गिअर बदलताना गाडी गचके खाते? काय निघालं, किती खर्च आला, अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात वंटमुरी घाट चढताना गाडीनं दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा गचका दिला, की मागच्या सीटवरचा कुंद्याचा डबा खाली. आई म्हणाली, "कुत्रं आलं काय रे आडवं?"

गाडी जुनी आहे. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनचा जोर क्लचऐवजी तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारी) ऑटोमॅटिक, १ लाख १२ हजार किलोमीटर पळालेली. एका वर्कशॉपनं ती चालवूनही न बघता 'गिअरबॉक्स असेंब्ली, १ लाख ४० हजार' असा कागद हातात ठेवला. आज विकली तर गाडीचेच जेमतेम अडीच लाख येतील.

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, कुठलेही असा, ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा. ज्यांचे पैसे पाण्यात गेले त्यांनी तर लिहाच. फक्त गाडी कुठल्या प्रकारची ते आधी सांगा. क्लच पेडल नसलं की आपण सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतो, पण एएमटी (आत मॅन्युअलच, क्लच यंत्र दाबतं), सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवाली, ठरावीक गिअर नसलेली) आणि कन्व्हर्टर यांची दुखणी एक नव्हेत.

उद्यमबाग

डिपस्टिक (गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी) ओढून बघितलीत काय ओ? सगळे कागद नंतर.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून सपाट जागी उभी करा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या खाचांतून एकदा फिरवा, परत पी-ला (पार्किंगला) आणा आणि इंजिन चालू ठेवूनच तेल बघा. (काही गाड्यांत इंजिन बंद करून बघतात, मॅन्युअल वाचा. काहींना डिपस्टिकच नसते, खालून बोल्ट काढून ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते.) थेंब पांढऱ्या कागदावर टाका. कोकम सरबताचा रंग असेल तर चांगलं. चहासारखा तपकिरी म्हणजे तेल म्हातारं झालंय. काळा आणि जळका वास म्हणजे आतल्या क्लच प्लेटा जळायल्यात.

मी हायड्रॉलिक प्रेसचं काम करतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. हा गिअरबॉक्स म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र. दाब कमी पडला की गिअर घसरतो, म्हणजे इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी पुढं सरकत नाही. दाब जास्त झाला की गचका. आणि कंप्युटरला एखाद्या सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा (विजेवर तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचा) सिग्नल नीट मिळाला नाही, तर तो बहुतेक गाड्यांत मुद्दाम पूर्ण दाब सोडतो, प्लेटा घसरून जळू नयेत म्हणून. त्यामुळं गचका बसतोय तोवर मी घाबरत नाही. घसरायला लागली की घाबरतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत गिअरबॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. आतून येणाऱ्या वायरीतनं तेल झिरपत कनेक्टरपर्यंत पोचलं होतं आणि दोन पिना हिरव्या पडल्या होत्या. मल्टिमीटर लावला. शिफ्ट सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १३ ओहम, म्हणजे चांगला (त्या गाडीला ११ ते १५ चालतो). पिना साफ केल्या, स्प्रेचा डबा साडेतीनशेचा. आधी आमच्या फिटरनं टेस्ट ड्राइव्ह घेऊन "एनू आगंगिल्ल री" म्हणून परत पाठवलं होतं. काही होत नाही म्हणे!

निपाणीकर

माझं फक्त पी-तून आर-ला (रिव्हर्सला) टाकताना धाड्कन व्हायचं, पळताना लोण्यासारखी. इंजिनचं माउंटिंग (ज्या रबरी आधारावर इंजिन बसतं ते) फाटलेलं. बॉनेट उघडून एकानं बाजूला उभं राहायचं (समोर नव्हे, बाजूला!), दुसऱ्यानं ब्रेक घट्ट दाबून डी-आर-डी (पुढं-मागं-पुढं) करायचं. इंजिन उडी मारतंय असं दिसलं की समजा. २,८०० रुपये, मजुरीसकट.

चिकोडीच्या बाई

माझी एएमटी आहे. शाळा ते घर, रोज ११ किलोमीटर.

ही गाडी मुळात मॅन्युअलच, हे मला चार वर्षांनी कळलं. आपल्याकडं २०१४ साली सेलेरिओबरोबर हा प्रकार आला. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच, फक्त पाय आपला नाही, यंत्राचा. त्यामुळं गिअर बदलताना जी डुलकी लागते ती आजार नव्हे, स्वभाव. गिअर पडायच्या वेळी अॅक्सिलरेटर किंचित सैल सोडला की तीही कमी होते.

पण माझी खरंच उसळायला लागली. क्लच संपला होता. चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची माझी सवय, तिनंच खाल्ला. एका गॅरेजनं नवीन क्लच घातला, ९ हजार घेतले, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त उसळायला लागली! महिनाभर भांडले. शेवटी बेळगावच्या एका पोरानं लॅपटॉप जोडून विचारलं, "मॅडम, लर्निंग केलंच नाही काय त्यांनी?" नवा क्लच कुठं पकडतो ते कंप्युटरला शिकवावं लागतं. अर्ध्या तासाचं काम, ८०० रुपये. पाटी कोरी करून नव्यानं गिरवायला लावायचं, एवढंच.

चोर्लामार्गे

बेळगाव-पणजी भाड्याला गाडी. कन्व्हर्टर, सहा गिअर. घाटात तेल तापतं, हे पुस्तकातलं नव्हे, रोजचं आहे. उतारावर डी-त लोंबकळत ब्रेक जाळू नका, लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन खालचा गिअर लावा. चढावर सारखं तिसरा-चौथा-तिसरा करायली तरी तेच, एका गिअरात धरा.

विकणारा म्हणाला होता, तेल 'लाइफटाइम'. मी ५० हजार किलोमीटरला बदलतो. बोल्ट काढला की निम्मंच तेल पडतं, बाकी कन्व्हर्टरात बसून राहतं. म्हणून एकदा बदलायचं, पाचशे-हजार किलोमीटर चालवायची, परत बदलायचं. तिसऱ्या वेळेला रंग येतो. आणि तेल गाडीनं मागितलेलंच घाला ओ. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरला एसपी-थ्री, टोयोटाच्या जुन्यांना टी-फोर आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस, होंडाला डीडब्ल्यू-वन. 'सगळ्याला चालतंय' म्हणून ड्रममधलं घातलेल्या दोन गाड्या मी गचके खाताना बघितल्यात. सीव्हीटीचं तेल तर पूर्ण वेगळंच, त्यात हे घातलं तर संपलं.

खानापूर

वरच्या भाऊंशी थोडं भांडायचंय. १ लाख ८० हजार किलोमीटरपर्यंत एकदाही तेल न बदललेली गाडी मी घेतली. मशीन लावून दाबानं सगळं फ्लश केलं, साडेनऊ हजार. पंधरा दिवसांत तिसरा गिअर घसरायला लागला. कोल्हापूरला नेऊन उघडला, ६८ हजार. जुन्या गाडीचं तेल हलवायचंच नाही, असं माझं मत झालंय.

चोर्लामार्गे

दादा, जळका वास होता काय आधी?

खानापूर

होता.

चोर्लामार्गे

मग प्लेटा आधीच गेलेल्या. तेलानं फक्त उघडं पाडलं. पण मशीन मीही लावत नाही, नुसतं काढून घालतो.

कृष्णाकाठ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कागवाडकडं आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती, सीटच्या खालपर्यंत. पाणी ओसरल्यावर इंजिनचं तेल बदललं, सीटा वाळवल्या, सुरू झाली, सगळे खूश. गिअरबॉक्सचा विचारच कुणी केला नाही. त्याला हवा घ्यायला वर एक छोटी नळी असते, तिच्यातनं पाणी शिरलं होतं. तीन आठवड्यांनी गचके सुरू. डिपस्टिक काढली तर सोलकढी! हुबेहूब तोच दुधाळ गुलाबी रंग. पाण्यानं क्लच प्लेटांवरचं चिकटवलेलं अस्तर सुटतं म्हणे. उशीर झाला होता, तेल चारदा बदलूनही उपयोग झाला नाही, विकून टाकली. पुरात बुडालेली गाडी सुरू करून बघायचा मोह आवरा. आणि पूर नसताना सोलकढी दिसली तर रेडिएटर बघा. बऱ्याच गाड्यांत गिअरचं तेल त्यातूनच फिरतं, आत फुटलं की पाणी मिसळतं.

धागा काढणारा

सगळ्यांचे आभार. माझा हिशेब मांडतो.

११०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. गिअरबॉक्सच्या दोषाचा एकही कोड नाही. मात्र आयडल (गाडी उभी असताना इंजिनचे मिनिटाला फेरे) १,०००च्या वर, असायला हवं साडेसातशेच्या आसपास. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काजळीनं भरलेली. साफ केली, ४०० रुपये. डी-ला टाकतानाचा धक्का तिथंच गेला. माउंटिंग चांगलं. तेल टिळकवाडीत काढलं, साडेतीन लिटर पडलं, जळका वास नव्हता पण रंग कडक चहा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी पेस्ट होती, बोटानं चोळली तर मऊ. धातूचा कीस लागला असता तर रडलो असतो. दुसऱ्यांदा बदलून कालच आलो. दोन्ही वेळचं तेल, गॅस्केट, मजुरी धरून ६,९००.

आता घाटात गचका नाही. पण सकाळी गार असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात एकदा बसतोच, पाचेक मिनिटांनी जातो. बॅटरी काढून ठेवली होती, त्यामुळं जुनं शिकलेलं पुसलं गेलं असेल काय? उद्यमबाग, रविवारी मीटर घेऊन येऊ काय तुमच्याकडं?

उद्यमबाग

या की. पण दोनशे-तीनशे किलोमीटर सावकाश चालवून बघा आधी, परत शिकत असेल. तरी राहिलाच तर शनिवारी रात्रीच गाडी आणून लावा. घरून चालवत आलात तर येईपर्यंत गरम होणार, मग गारठ्यातला दोष मीटरला कसा सापडायचा?