प्लगची कॅप जागची हलत नाही – होंडा सिटी १.५

प्रश्न:
गाडी २००२ ची होंडा सिटी १.५, पेट्रोल, डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) आणि चार एचटी लीडवाली (लीड म्हणजे तो करंट प्लगपर्यंत नेणारी जाड वायर). प्लग बदलायला घेतले. १ आणि ४ नंबरच्या कॅप (लीडच्या टोकाची, प्लगवर बसणारी रबरी टोपी) हाताने पिळल्यावर निघाल्या, २ आणि ३ अडकल्या आहेत. पिळलं की वरचा भाग फिरतो, पण खाली विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) प्लगला धरलेला भाग हलत नाही. इंजिन गरम करून ओढावं की थंडच बरं? डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा तेलकट स्प्रे) मारू का? लीडचा नवा सेट आणलेला नाही, जुन्या वाचल्या तर हव्या आहेत.

प्रतिसाद १:
वरचा भाग फिरतोय आणि खालचा नाही, म्हणजे रबर दोरीसारखं पिळलं जातंय. आणखी जोर लावलात तर ते मधूनच फाटेल. आधी थांबा.

कॅप दोन कारणांनी अडकते. एक, उष्णतेने रबर कडक होऊन प्लगच्या चिनीमातीला (वरच्या पांढऱ्या भागाला) चिकटतं. अशी कॅप कोरडी असते, चिकटपणा मोडला की एकदम सुटते. दुसरं, टॅपिट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) सीलमधून ऑइल विहिरीत उतरतं आणि त्यात रबर फुगतं. फुगलेली कॅप मऊ लागते आणि इंचाइंचाने निघते. टॉर्चने आत बघा, कोणतं कारण आहे ते आधी कळू द्या.

कोरडी असेल तर इंजिन कोमट असताना काम करा: कव्हरवर तळहात आरामात टेकवता येईल इतकंच, त्याहून गरम नको. रबर थोडं सैल पडतं. आधी एअरने विहिरीच्या तोंडावरची माती उडवा. मग सिलिकॉन स्प्रेची बारीक नळी कॅपच्या कडेने खाली घालून दोन-तीन छोटे फवारे मारा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. त्यानंतर लांब जबड्याची पक्कड (रेडिएटरच्या पाइपांसाठी वापरतात तसली, जबड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून) शक्य तितकी खाली घाला, कॅपचा जाड भाग धरा, डावी-उजवीकडे पाव-पाव फेरा द्या. खालचा भाग सोबत फिरू लागला की चिकटपणा सुटला. मग फिरवत फिरवत सरळ वर. तिरकं ओढू नका, त्याने प्लगची चिनीमाती तडकते.

वायर धरून तर कधीच ओढू नका. आतला कार्बनचा गाभा तुटतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि गाडी त्याच सिलिंडरवर मिसिंग करत (ठिणगी चुकवत) राहते.

प्रतिसाद २:
डब्ल्यूडी-४० टाळा. या कॅपचं रबर बहुधा ईपीडीएम (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असतं आणि ते पेट्रोलियम तेलात फुगतं. लीड वाचवायच्या आहेत म्हणता, मग सिलिकॉनच. ऑइलने फुगलेल्या कॅपवर मात्र सिलिकॉनचाही फारसा उपयोग नाही. तिथे हळूहळू पिळणं आणि धीर.

एक महत्त्वाची गोष्ट वर राहिली. कोमट इंजिन फक्त कॅपसाठी. प्लग खोलायच्या आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड (प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग फिरवला की हेडमधले आटे खरवडले जातात आणि मग साध्या प्लगच्या कामाचं हेड दुरुस्तीचं काम होतं.

प्रश्नकर्ता:
३ नंबर सिलिकॉनने निघाली, कोरडीच होती. २ नंबर फाटली. रबराचा तुकडा आणि आतली धातूची पट्टी प्लगवरच राहिली आहे, आणि तळाला ऑइल दिसतंय.

प्रतिसाद १:
काळजीचं कारण नाही, पण प्लगला पाना लावू नका. प्लग सुटला की वरचं सगळं थेट सिलिंडरमध्ये पडेल.

आकड्यासारखा वाकवलेला पिक घ्या, उरलेल्या रबराला वरून खाली उभी चीर द्या आणि लांब नोज प्लायरने सोलून काढा. धातूची पट्टी निघाली याची खात्री करा. प्लगची चिनीमाती तुटली तरी चालेल, खालचा षट्कोन शाबूत असला की प्लग खुलतो. फक्त तिचे तुकडे बाहेर यायला हवेत. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी टेपने जोडून तळ साफ ओढून घ्या. एअर मारू नका, कचरा कोपऱ्यात जाऊन बसतो. ऑइल व्हॅक्यूमने नको, काठीला कापड गुंडाळून टिपा. तळ कोरडा झाला की १६ एमएमची रबर बसवलेली प्लग गोटी (सॉकेट) आणि एक्स्टेन्शन.

प्रतिसाद ३:
ऑइल आलंय म्हणजे टॅपिट कव्हरचं गॅस्केट आणि विहिरींभोवतीची चार गोल सील बदला. किटमध्ये ती एकत्रच मिळतात. नुसते प्लग बदलले तर नव्या कॅपही फुगतील.

लीड आता चारही नव्या घ्या. एक कॅप फाटली, बाकीच्या तितक्याच जुन्या. तरी निघालेल्या तपासून बघायच्या असतील तर मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत मोजा. या इंजिनला एका लीडची मर्यादा २५ किलोओहम आहे. चिनीमातीवर किंवा कॅपच्या आत काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी तिथून हेडकडे पळत होती. ती लीड टाकून द्या, पुसून उपयोग नाही.

नवे प्लग बसवताना गॅप (ठिणगी पडते ती फट) १.१ एमएम तपासा. पहिले फेरे नुसत्या एक्स्टेन्शनने, बोटांनी. शेवटी टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) १८ एनएमवर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती पेस्ट) लावू नका. प्लगवर आधीच धातूचा मुलामा असतो आणि वंगणामुळे त्याच आकड्यावर प्लग जास्त आवळला जातो.

डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहू देणारं सिलिकॉन ग्रीस) कॅपच्या तोंडाच्या आतल्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढं, बोटाने पातळ पसरून. पितळी क्लिपवर नको. कॅप दाबल्यावर टक् असा आवाज यायला हवा. ग्रीसने आत हवा कोंडली तर कॅप परत वर उचलली जाते, म्हणून थोडं फिरवून दाबा.

लीड एकेक करून बदला, म्हणजे क्रम चुकणार नाही. सगळ्या काढल्याच असतील तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-४-२, १ नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा.